हार्डी, जेम्स कीअर

(१५ ऑगस्ट १८५६–२६ सप्टेंबर १९१५). ब्रिटिश कामगार नेता, खाणकामगारांचा संघटक आणि ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या संस्थापकांपैकी प्रमुख. कामगारांची संघटित शक्ती संपापुरती न ठेवता तिला संसदेत स्वतंत्र पक्षाचे रूप द्यावे, हा विचार ब्रिटनमध्ये त्याच्या आधीही मांडला गेला होता. परंतु त्या विचारामागे कामगार संघटनांचा पैसा, मते आणि शिस्त उभी करण्याचे काम मुख्यतः त्याने केले. या कामास सु. बारा वर्षे लागली आणि त्यांतील बहुतेक काळ अपयशाचाच होता.

स्कॉटलंडमधील लॅनर्कशर परगण्यात लेगब्रॅनक या खेड्यात त्याचा जन्म झाला. आई मेरी कीअर ही मोलकरीण होती. ती अविवाहित असताना हा मुलगा झाला. पुढे १८५९ मध्ये तिने डेव्हिड हार्डी या जहाजांवर सुतारकाम करणाऱ्या माणसाशी विवाह केला. मुलाने आईचे व सावत्र वडिलांचे अशी दोन्ही नावे आयुष्यभर लावली. घरच्या दारिद्र्यामुळे त्याला शाळेत जाता आले नाही. वाचावयास आईने शिकविले. सातव्या-आठव्या वर्षापासून तो ग्लासगो शहरात निरोप्याची व पोऱ्याची कामे करू लागला. १८६६ मध्ये क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांत दीर्घकाळ टाळेबंदी झाली आणि सावत्र वडिलांचे काम सुटले. त्या वेळी एका पाववाल्याकडे काम करणाऱ्या या मुलाची आठवड्याची थोडीशी शिलिंगे एवढेच घरात येणारे उत्पन्न होते. एक भाऊ आजारी, आई बाळंतपणाच्या बेतात, अशा स्थितीत त्याला कामावर पोहोचण्यास दोनदा उशीर झाला. मालक कुटुंबासह न्याहारीला बसला होता. त्याने मुलाला कामावरून काढून टाकले व दंड म्हणून आठवड्याची मजुरीही दिली नाही. ही हकीकत हार्डीच्या स्वतःच्या कथनातून आलेली आहे. उत्तरायुष्यातील भाषणांत व लेखांत तो ती पुन्हा पुन्हा सांगत असे.

त्यानंतर कुटुंब पुन्हा लॅनर्कशरच्या कोळसापट्टीत आले. दहाव्या वर्षी हार्डी खाणीत ‘ट्रॅपर’ म्हणून लागला. खाणीतील हवा योग्य मार्गाने खेळती राहावी म्हणून बोगद्यांत दारे बसविलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडावयाचे आणि गेली की लावावयाचे, एवढेच हे काम. परंतु ते काळोखात, एकट्याने आणि सलग दहा तास करावे लागे. पुढे तो खाणीतली इतर कामे करीत कोळसा तोडणारा कामगार झाला. रात्रशाळेत जाऊन तो लिहावयास शिकला. काजळी धरलेल्या दगडावर टाचणीने रेघोट्या ओढून त्याने खाणीतच लघुलिपीचा अभ्यास केला. तरुणपणी तो ख्रिस्ती धर्माच्या एका सुधारणावादी पंथाचा अनुयायी झाला आणि मद्यपाननिषेधाच्या चळवळीत शिरला. सभेत उभे राहून बोलण्याची सवय त्याला तेथेच लागली. ब्रिटिश कामगार चळवळीतील पुष्कळ पुढाऱ्यांची पहिली व्यासपीठे प्रार्थनामंदिरांतीलच होती.

त्या काळी स्कॉटलंडमधील खाणकामगारांची मजुरी कोळशाच्या बाजारभावाबरोबर खालीवर होत असे. भाव उतरला की खाणमालक प्रथम मजुरी कापीत. गाऱ्हाणी मांडण्यास सहकाऱ्यांनी हार्डीला पुढे केले, तेव्हा त्याचे व त्याच्या भावांचे काम गेले आणि परिसरातील खाणींची दारे त्याला बंद झाली. अशा रीतीने काळ्या यादीत पडल्यावर १८७९ मध्ये तो लॅनर्कशरच्या खाणकामगारांचा चिटणीस झाला. त्याच वर्षी लिली विल्सन हिच्याशी त्याचा विवाह झाला. १८८० मध्ये मजुरीकपातीविरुद्ध झालेला संप सहा आठवड्यांनी मोडला. त्या अवधीत हार्डीच्या घरी संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी अन्नछत्र चालले होते. त्यानंतर शेजारच्या एअरशर परगण्यातील खाणकामगारांनी त्याला बोलाविले व तो कमनक गावी स्थायिक झाला. १८८१ मध्ये तेथे मजुरीत दहा टक्के वाढ मिळावी म्हणून संप झाला. दहा आठवड्यांनंतर कामगार रिकाम्या हाताने खाणीत परतले आणि संघटनाही विसकटली. पुढील काही वर्षे हार्डीने स्थानिक वृत्तपत्रात लिहून उदरनिर्वाह केला. १८८६ मध्ये एअरशरची संघटना पुन्हा उभी राहिली, तेव्हा वर्षाला ७५ पौंड वेतनावर तो तिचा चिटणीस झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या स्कॉटिश खाणकामगार संघराज्याचे चिटणीसपदही त्याच्याकडे आले.

या दोन संपांनी त्याला जे शिकविले, ते कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. भरपूर कोळसा साठवून बसलेल्या मालकापुढे उपाशी कामगाराचा संप फार काळ टिकत नाही. कामाचे तास, खाणीतील सुरक्षितता, बालमजुरी यांसारखे प्रश्न एकेका परगण्यातील तडजोडीने सुटण्याजोगे नाहीत; त्यांसाठी सबंध देशाला लागू पडणारा कायदा हवा आणि कायदा संसदेत होतो. मात्र या टप्प्यावर हार्डी उदारमतवादी पक्षाचाच मतदार होता. १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरांतील आणि १८८४ च्या कायद्याने ग्रामीण व खाणपट्ट्यातील घरधारक पुरुष कामगारांना मताधिकार मिळाला होता. १८७४ पासून काही कामगार पुढारी संसदेत जात होते. परंतु ते उदारमतवादी पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून येत आणि त्याच पक्षाच्या बाकांवर बसत. त्यांना ‘लिब-लॅब’ म्हणत. संसद सदस्यांना त्या वेळी वेतन नव्हते. तेव्हा निवडणुकीचा खर्च आणि नंतरचा चरितार्थ यांसाठी कामगार उमेदवार परावलंबी राहत असे. उमेदवार ठरविण्याचे काम स्थानिक उदारमतवादी समित्यांकडे होते आणि त्या समित्यांत वकील, व्यापारी व कारखानदार यांचा भरणा असल्याने कामगाराला उमेदवारी क्वचितच मिळे.

हार्डीचा भ्रमनिरास आठ तासांच्या दिवसाच्या मागणीवरून झाला. १८८७ मध्ये खाणकामाविषयीचे विधेयक संसदेपुढे आले असता कामाचे तास आठ करण्याच्या सूचनेला उदारमतवादी पक्षाने हात दिला नाही. लिब-लॅब सदस्यही त्या बाबतीत विभागलेले होते. त्याच वर्षी स्वॉन्झी येथील ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार संघटनांच्या वार्षिक परिषदेत तो प्रथमच प्रतिनिधी म्हणून गेला आणि परिषदेच्या संसदीय समितीचा चिटणीस हेन्री ब्रॉडहर्स्ट याच्यावर त्याने उघड टीका केली. ब्रॉडहर्स्टने एका रासायनिक कारखान्याच्या मालकाचा निवडणुकीत प्रचार केला होता. नवख्या प्रतिनिधीचे हे धाडस परिषदेला रुचले नाही आणि प्रचंड बहुमत ब्रॉडहर्स्टच्या बाजूने राहिले.

एप्रिल १८८८ मध्ये मध्य लॅनर्कशर मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. हार्डीने प्रथम उदारमतवादी पक्षाकडे उमेदवारी मागितली व ती नाकारली गेल्यावर स्वतंत्रपणे उभे राहण्याचे ठरविले. त्याने माघार घ्यावी म्हणून पक्षातर्फे पुढील सार्वत्रिक निवडणुकीत सुरक्षित मतदारसंघ आणि वर्षाला ३०० पौंड देऊ करण्यात आले. त्याच्या चिटणीसपदाच्या वेतनाची ही चौपट रक्कम होती. हार्डीने नकार दिला. निकालात उदारमतवादी उमेदवारास ३,८४७, हुजूर पक्षाच्या उमेदवारास २,९१७ आणि हार्डीला ६१७ मते पडली. खाणकामगारांची दाट वस्ती असलेल्या भागात खाणकामगारांच्याच पुढाऱ्याची ही अवस्था झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे त्याने व रॉबर्ट कनिंगहॅम ग्रॅहॅम याने स्कॉटिश लेबर पार्टी स्थापन केली आणि हार्डी तिचा चिटणीस झाला. त्याचे द मायनर हे मासिक १८८९ पासून लेबर लीडर या नावाने निघू लागले. १८९४ मध्ये ते साप्ताहिक झाले.

१८९२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लंडनच्या पूर्वेकडील वेस्ट हॅम (दक्षिण) या गोदी व कारखान्यांच्या वस्तीतून हार्डी ५,२६८ विरुद्ध ४,०३६ मतांनी निवडून आला. तेथे उदारमतवादी पक्षाचा उमेदवार रिंगणात नव्हता, हेही त्याच्या यशाचे एक कारण होते. याच निवडणुकीत दादाभाई नवरोजी हे लंडनच्या सेंट्रल फिन्झबरी मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे अवघ्या ५ मतांनी निवडून आले होते. लांब काळा कोट व उंच रेशमी टोपी या सभागृहातील रूढ पोषाखाऐवजी हार्डी साधी लोकरी टोपी व ट्वीडचे कपडे घालून संसदेत आला. वृत्तपत्रांनी त्या टोपीची जेवढी चर्चा केली, तेवढी त्याच्या बेकारीविषयक भाषणांचीही केली नाही. बेकारांना काम देण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे तो सातत्याने मांडीत राहिला. त्यामुळे त्याला ‘बेकारांचा प्रतिनिधी’ असे नाव पडले. २३ जून १८९४ रोजी वेल्समधील किलव्हिनिड येथील ॲल्बियन खाणीत स्फोट होऊन २९० कामगार मृत्यू पावले. त्याच दिवशी राजघराण्यात मुलगा (पुढे आठवा एडवर्ड) जन्मला. सभागृहात अभिनंदनाचा ठराव आला असता खाणीत मेलेल्यांसाठी दुखवट्याचा ठराव का नाही, असे विचारून हार्डीने एकट्याने विरोध केला. सदस्यांनी आरडाओरडा करून त्याचे भाषण बुडविण्याचा प्रयत्न केला. या प्रसंगाने संसदेत त्याचे शत्रू वाढले आणि दक्षिण वेल्सच्या खाणपट्ट्यात त्याचे नाव घरोघरी झाले.

दरम्यान जानेवारी १८९३ मध्ये यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड येथे इंडिपेंडंट लेबर पार्टीची स्थापना हार्डीच्या अध्यक्षतेखाली झाली. स्थळाची निवड सहेतुक होती. तेथील मॅनिंगहॅम या रेशमी व मखमली कापडाच्या गिरणीत डिसेंबर १८९० ते एप्रिल १८९१ असा चाललेला संप अयशस्वी झाला होता आणि त्या पराभवातून स्थानिक कामगारांनी आपला राजकीय संघ उभारला होता. उत्पादन, वितरण व विनिमय यांच्या साधनांची सामुदायिक मालकी हे पक्षाने उद्दिष्ट म्हणून स्वीकारले; नावात मात्र ‘समाजवादी’ हा शब्द घेतला नाही. समाजवादाचे नाव ऐकताच दूर राहणाऱ्या सामान्य संघटित कामगाराला आत आणावयाचे होते. (मराठीत रूढ असलेले ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ हे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाचे; ब्रॅडफर्डच्या पक्षाशी त्याची गल्लत करू नये.) १८९५ च्या निवडणुकीत या पक्षाने २८ उमेदवार उभे केले. हार्डीसकट सर्वच्या सर्व पडले.

या पराभवानंतर हार्डीची राजकीय दृष्टी खऱ्या अर्थाने कसाला लागली. केवळ निष्ठावंत समाजवाद्यांच्या बळावर पक्ष वाढणार नाही. पैसा व मते कामगार संघटनांकडे आहेत आणि त्या संघटनांतील बहुसंख्य सभासद अजून उदारमतवादी किंवा हुजूर पक्षाला मत देतात, हे त्याने ओळखले. त्यांना समाजवादी बनविण्याची वाट न पाहता, प्रथम स्वतंत्र प्रतिनिधित्वाच्या एकाच मुद्द्यावर त्यांना एकत्र आणावयाचे, असे धोरण त्याने धरले. परिस्थितीही अनुकूल होत गेली. १८९७-९८ मध्ये यांत्रिक कारागिरांच्या बलाढ्य संघटनेला मालकांच्या टाळेबंदीपुढे नमावे लागले. १८९८ मध्ये दक्षिण वेल्समध्ये कोळसाखाणींची सहा महिने टाळेबंदी झाली. हार्डी त्या काळात तेथे गावोगाव फिरला. १८९९ मध्ये प्लिमथ येथील ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये रेल्वे कामगारांच्या संघटनेने मांडलेला, संसदेत कामगारांचे अधिक प्रतिनिधी पाठविण्यासाठी खास परिषद बोलवावी असा ठराव ५,४६,००० विरुद्ध ४,३४,००० मतांनी संमत झाला. विरोधात मत देणाऱ्यांत खाणकामगारांचे राष्ट्रीय संघराज्य होते.

ही परिषद २७ व २८ फेब्रुवारी १९०० रोजी लंडनच्या मेमोरियल हॉलमध्ये भरली. १२९ प्रतिनिधी उपस्थित होते. एका बाजूला सोशल डेमॉक्रॅटिक फेडरेशनचे मार्क्सवादी होते. नव्या संघटनेने वर्गयुद्धाचे तत्त्व जाहीरपणे स्वीकारावे, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या बाजूला काही जुन्या संघटनांच्या पुढाऱ्यांना कामगारांचे प्रश्न तेवढे कार्यक्रमात हवे होते आणि बाकी बाबतींत सदस्यांना मोकळीक हवी होती. हार्डीने मांडलेल्या उपसूचनेत या दोन्ही टोकांना बगल दिली होती. संसदेत कामगारांचा वेगळा गट असावा, त्याचे स्वतःचे प्रतोद असावेत आणि त्याने आपले धोरण स्वतः ठरवावे, एवढेच तीत होते. ती एकमताने संमत झाली. ‘लेबर रेप्रेझेंटेशन कमिटी’ या नावाने स्थापन झालेल्या या संघटनेच्या बारा जणांच्या कार्यकारिणीत कामगार संघटनांना सात जागा, इंडिपेंडंट लेबर पार्टी व सोशल डेमॉक्रॅटिक फेडरेशन यांना प्रत्येकी दोन आणि फेबियन सोसायटीला एक जागा मिळाली. रॅम्झी मॅक्डॉनल्ड हा चिटणीस झाला. संलग्न संघटनांनी दर हजार सभासदांमागे वर्षाला १० शिलिंग द्यावयाचे होते. यातून निधी तो किती जमणार? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या निवडणुकीसाठी समितीला एकूण ३३ पौंड खर्च करता आले. पंधरा उमेदवारांपैकी दोघे निवडून आले : डर्बीहून रेल्वे कामगारांचा रिचर्ड बेल आणि वेल्समधील मर्थर टिडव्हिल या द्विसदस्य मतदारसंघातून हार्डी. मर्थरमध्ये प्रत्येक मतदाराला दोन मते होती. अनेकांनी पहिले मत डी. ए. टॉमस या उदारमतवादी खाणमालकाला आणि दुसरे हार्डीला दिले. मृत्यूपर्यंत हार्डी याच मतदारसंघाचा प्रतिनिधी राहिला.

समिती वाढली ती हार्डीच्या प्रचारदौऱ्यांनी जितकी, त्याहून अधिक एका न्यायनिर्णयाने. १९०० मध्ये वेल्समधील टॅफ व्हेल रेल्वेवर संप झाला होता. संपामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई कंपनीने कामगार संघटनेकडे मागितली आणि १९०१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने संघटनेवर असा दावा चालतो असे ठरविले. संघटनेला २३,००० पौंड भरपाई द्यावी लागली. १८७१ पासून सुरक्षित समजला गेलेला संघटनांचा निधी एका निर्णयाने उघडा पडला. यापुढे संप करणे म्हणजे संघटनेचे दिवाळे काढणे, असा त्याचा अर्थ होता. हा धोका दूर करण्यास कायदाच बदलावयास हवा होता. हार्डी अनेक वर्षे जे सांगत होता, ते सावध वृत्तीच्या संघटनांना आता पटले. समितीशी संलग्न सभासदांची संख्या प्रारंभी पावणेचार लाख होती; १९०३ पर्यंत ती ८ लाख ६० हजारांवर गेली. त्या वर्षी दर सभासदामागे वर्षाला एक पेनी असा संसदीय निधी सुरू करण्यात आला आणि त्यातून निवडून आलेल्या सदस्यास वर्षाला २०० पौंड मिळण्याची सोय झाली. पेनीची ही वर्गणी दिसावयास क्षुल्लक. परंतु हार्डीला १८८८ मध्ये ज्या तऱ्हेचे आमिष दाखविले गेले होते, त्याला खरे उत्तर तीच होती.

१९०३ मध्ये मॅक्डॉनल्डने उदारमतवादी पक्षाचा प्रमुख प्रतोद हर्बर्ट ग्लॅडस्टन याच्याशी काही मतदारसंघांत परस्परांविरुद्ध न लढण्याचा गुप्त समझोता केला. स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्या चळवळीने असा समझोता करावा, यातील विसंगती उघड आहे. १९०६ च्या यशात त्याचा वाटा मोठा होता, हेही तितकेच खरे. त्या निवडणुकीत समितीचे २९ सदस्य निवडून आले. गटाने ‘मजूर पक्ष’ (लेबर पार्टी) हे नाव धारण केले आणि डेव्हिड शॅकल्टन याच्यापेक्षा एक मत अधिक मिळून हार्डी संसदीय गटाचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच वर्षीच्या व्यवसाय-विवाद अधिनियमाने (ट्रेड डिस्प्यूट्स ॲक्ट) टॅफ व्हेल निर्णय निष्प्रभ केला. खाणकामगारांच्या आठ तासांचा कायदा १९०८ मध्ये झाला. ज्या खाणकामगारांतून हार्डी वर आला, त्यांचे राष्ट्रीय संघराज्य मात्र १९०९ मध्ये, मोठ्या संघटनांपैकी जवळजवळ सर्वांत शेवटी पक्षात आले.

गटाचा अध्यक्ष म्हणून हार्डी यशस्वी ठरला नाही. समित्यांचे काम, सहकाऱ्यांची मर्जी राखणे, तडजोडी जुळविणे यांत त्याचे मन रमत नसे. तो मूलतः सभांचा व दौऱ्यांचा माणूस होता. स्त्रियांच्या मताधिकाराबाबत १९०७ च्या बेलफास्ट अधिवेशनात पक्षाने त्याच्या मताविरुद्ध निर्णय घेतला, तेव्हा त्याने पक्ष सोडण्याचीही भाषा केली. प्रकृती ढासळल्याने त्याच वर्षी तो जगप्रवासास निघाला व १९०८ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडले. या प्रवासात तो सु. दोन महिने भारतात होता. फाळणीविरोधी आंदोलनाने पेटलेल्या बंगालमध्ये तो हिंडला आणि भारताला कॅनडासारखे स्वराज्य मिळावे, असे त्याने जाहीरपणे म्हटले. त्यावर लंडनच्या वृत्तपत्रांत गहजब झाला. प्रवासातील निरीक्षणे त्याने इंडिया : इंप्रेशन्स अँड सजेशन्स (१९०९) या पुस्तकात मांडली. तो परतल्यानंतर काही महिन्यांतच, जुलै १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांना ना मताधिकार होता, ना कायद्याने मान्य केलेली संघटना. हार्डीच्या मार्गाची पहिली पायरीच त्यांच्यापुढे नव्हती. टिळकांनी पुढे १९१८-१९ मधील इंग्लंडच्या वास्तव्यात मजूर पक्षाशी मुद्दाम संबंध जोडले. परतीच्या वाटेवर दक्षिण आफ्रिकेत वर्णाचा विचार न करता सर्व कामगारांना संघटनांत घ्यावे असे सांगितल्याबद्दल गोऱ्या जमावाने हार्डीच्या सभा उधळल्या. १८८७ च्या सुमारास एअरशरमध्ये आलेल्या परदेशी मजुरांविरुद्ध त्यानेच कडवट लिहिले होते. वीस वर्षांत तो पुष्कळ बदलला होता.

अखेरच्या वर्षांत पक्ष वाढला, पण हार्डी त्यात एकाकी होत गेला. डिसेंबर १९०९ च्या ऑझ्बर्न निर्णयाने संघटनांना राजकीय कार्यासाठी वर्गणी घेण्यास मनाई झाली आणि पक्षाचा आर्थिक कणाच दुखावला. १९११ मध्ये संसद सदस्यांना ४०० पौंड वेतन सुरू झाले व १९१३ च्या अधिनियमाने राजकीय निधी पुन्हा वैध ठरला. तोवर उदारमतवादी सरकारला सांभाळून घेण्यातच मजूर पक्षाची शक्ती खर्च होत होती. १९११ च्या रेल्वे संपात लानेली येथे सैन्याच्या गोळीबारात दोघे ठार झाले, तेव्हा हार्डीने किलिंग नो मर्डर ही पुस्तिका लिहून सरकारवर प्रखर टीका केली. आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेच्या १९१० च्या कोपनहेगन अधिवेशनात त्याने फ्रान्सच्या एद्वार व्हाइयां याच्यासह, युद्ध टाळण्यासाठी सार्वत्रिक संपाचा उपाय योजावा अशी उपसूचना मांडली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा कोठल्याही देशात असा संप झाला नाही. ६ ऑगस्ट रोजी आपल्याच मतदारसंघातील ॲबरडेअर येथे युद्धविरोधी भाषण करण्यास तो उभा राहिला असता राष्ट्रगीत गात, आरडाओरडा करीत जमावाने सभा उधळली. त्या जमावात खाणकामगारही होते. मजूर पक्षाने युद्धाला पाठिंबा दिला. खचलेल्या अवस्थेत हार्डी ग्लासगो येथे न्यूमोनियाने मरण पावला.

नोव्हेंबर १९१५ मध्ये मर्थरच्या रिक्त जागेसाठी पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचा अधिकृत उमेदवार जेम्स विन्स्टन हा होता. त्याचा पराभव करून सी. बी. स्टँटन हा युद्धसमर्थक निवडून आला. तोही खाणकामगार संघटनेचाच जुना पुढारी होता. १९१८ मध्ये मर्थर व ॲबरडेअर असे दोन वेगळे मतदारसंघ झाले. त्या वर्षी दोन्ही जागा मजूर पक्षाच्या हाती लागल्या नाहीत. १९२२ मध्ये दोन्ही त्या पक्षाने जिंकल्या.